आठ रेघांचं अक्षर

धम्मगिरीत विपश्यनेचं शिबिर चालू असताना मौन, आणि वही-पेनही जमा. त्यामुळे शेजारच्या आसनावरच्या कोरियन बाईंशी पहिल्यांदा बोलले ते इगतपुरी स्टेशनच्या बाकावर. विपश्यना विशोधन विन्यासानं देवनागरीत छापलेला दीघनिकाय माझ्या मांडीवर होता, महासतिपट्ठान सुत्तापाशी उघडलेला. पालीतल्या ‘सति’ला, म्हणजे सजगतेला, तुमच्याकडे काय म्हणतात, असं विचारल्यावर त्यांनी माझ्या वहीत एक चिनी अक्षर काढलं.

आधी डावीकडे उतरणारी तिरपी रेघ, तिच्या माथ्यापासून उजवीकडे दुसरी, छप्पर झालं. त्याखाली एक छोटी आडवी रेघ, मग आडवी जाऊन खाली वळणारी आणखी एक. एवढ्या भागाचा स्वतंत्र अर्थ ‘आत्ता’. त्याच्या पोटाशी हृदय: डावीकडे ठिपका, टोक वर उचललेली पसरट वक्र रेघ, आणि दोन ठिपके. एकूण आठ.

कोरियात अशा अक्षराचं नाव सांगताना अर्थ आणि उच्चार जोडीनं म्हणतात. हे ‘सेंगाक न्योम’, म्हणजे ‘विचार’ या अर्थाचं न्योम. शब्दाच्या सुरुवातीला आलं की दक्षिण कोरियात ‘न’ गळतो. म्हणून जपमाळ ‘योमजू’. मध्ये किंवा शेवटी आलं की टिकतो. एखाद्या गोष्टीची आठवण साजरी करणं म्हणजे ‘गिन्योम’.

‘आत्ता’ अधिक ‘हृदय’ म्हणजे सजगता, ही फोड ध्यानावरच्या लेखनात सर्रास भेटते. लोभस आहे, पण अक्षर तसं घडलेलं नाही. इसवी सन 100च्या सुमारास शू शेननं रचलेला चिनी अक्षरांचा कोश सांगतो, की अर्थ हृदयाकडून येतो आणि वरचा भाग केवळ उच्चारासाठी आहे. अर्थ दिलाय, सतत मनात बाळगणं. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं. ‘सति’ म्हणजे संस्कृतातली स्मृतीच ना! काश्मीरच्या गौतम संघदेवांनी 397-98 साली मध्यम आगम हा बुद्धाच्या सुत्तांचा संग्रह चिनीत आणला, तेव्हा सतिपट्ठानाच्या सुत्ताच्या नावात हेच अक्षर बसलं. कोरियातल्या हेइन्सा मठात जपलेल्या, बौद्ध ग्रंथांच्या तेराव्या शतकातल्या ऐंशी हजारांहून अधिक लाकडी ठशांतही ते कोरलेलं आहे.

आजच्या कोरियन वाचकासाठी मात्र ‘सति’ला ‘मौमचेंगिम’ असा अस्सल देशी शब्दही रुळलाय. ‘मौम’ म्हणजे मन. ‘चेंगिम’ ज्या क्रियापदावरून आलं, त्याचा अर्थ नीट सांभाळणं, आवरून बरोबर घेणं. प्रवासाला निघताना सामान आवरतात तेव्हाही ते हेच क्रियापद वापरतात.