कुणालाच बाहेर बसवू नये असा खेळ : फुग्यांची रिले

जयंती असो की बुद्धपौर्णिमा, मुलांचे खेळ ठेवायचे म्हटले की आपली यादी ठरलेली असते. धावण्याची शर्यत, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची. जिंकणारा एक आणि बाकीचे बाहेर.

मोर्शी तालुक्यातल्या एका गावी सकाळी अकराच्या उन्हात अशीच शर्यत लावली होती. त्यात दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला सिकलसेल आहे हे घरच्यांना माहीत होते, खेळ घेणाऱ्यांना नव्हते. ती धावली, दुसरी आली, टाळ्याही मिळाल्या. रात्री हातपाय आणि कंबर इतकी दुखू लागली की दवाखान्यात भरती करावे लागले. चार दिवसांनी बरी होऊन घरी आली. पुढच्या जयंतीला मात्र आईने तिला घराबाहेरच पडू दिले नाही. मला त्या चार दिवसांपेक्षा हे जास्त लागले.

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आहे तसाच आपल्या समाजातही आहे. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथून पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि असह्य दुखते. जिवाच्या आकांताने धावणे, अंगातले पाणी कमी होणे, कडक ऊन, एकदम थंड पाणी अंगावर घेणे, ताप, ही सगळी त्याची निमित्ते. एएस म्हणजे वाहक मुले बहुतेक खेळ खेळू शकतात, पाणी आणि विश्रांती मिळाली म्हणजे झाले. एसएस म्हणजे रुग्ण मुलांनाही खेळ हवाच असतो, फक्त दम लागेपर्यंत नको.

इथे फुगा कामी येतो. फुगा हलका असतो, हवा त्याला अडवते, म्हणून तो सावकाश खाली येतो. तो घेऊन पळणाऱ्याच्या हातून निसटतो आणि बेताने चालणारा पुढे जातो. त्यामुळे दहा वर्षांची मुलगी आणि गुडघे धरलेली आजी एकाच संघात चालतात.

रिले म्हणजे आळीपाळी. एकाने फेरी पूर्ण करून फुगा पुढच्याकडे द्यायचा. सहा ते आठ जणांचा एक संघ करा. संघ वयाप्रमाणे पाडू नका, प्रत्येकात लहान, मोठे, म्हातारे मिसळा. चुन्याच्या दोन रेघा आठ-दहा पावलांवर पुरेत. अंगणात वारा असला की फुगा गावभर फिरतो, म्हणून विहाराचे सभागृह बरे. पंखे बंद ठेवावे लागतात, म्हणून खिडक्या उघडा आणि वेळ सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावरची धरा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा यात तडजोड नको.

प्रकार कितीतरी आहेत. दोघांनी पाठीला पाठ लावून मध्ये फुगा धरायचा आणि खेकड्यासारखे आडवे चालायचे, यात सगळ्यात जास्त हसू येते. सुपावर फुगा ठेवून हात न लावता न्यायचा, यात आमच्या महिला मंडळातल्या बायांनी कॉलेजच्या पोरांना हरवले आहे. सुपाची सवय कोणाला? उभे राहणे जमत नसेल त्यांच्यासाठी संघाने रांगेत खुर्च्यांवर बसून फुगा डोक्यावरून मागे द्यायचा. फुगा पडला तर तिथूनच उचलून पुढे, कुणीही बाद नाही. अंगाखाली दाबून फुगा फोडायचा खेळ मात्र मी घेत नाही. कंबर धरते, आणि तुकडे उडतात ते वेगळेच.

त्या तुकड्यांबद्दल नीट सांगते. रबरी फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा मुलाच्या तोंडात गेला तर घशात पापुद्र्यासारखा चिकटून श्वास पूर्ण बंद करतो. आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती फुगवायला फुगा देऊ नका. हातपंप आणा आणि मोठ्यांनीच फुगवा. पंपामुळे एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जात नाही, दम्याच्या माणसाची छातीही भरत नाही. पाऊण भागच फुगवा, म्हणजे लवकर फुटणार नाही. कुणाच्या ओठांना किंवा हातांना रबराने खाज सुटत असेल तर त्याला गुण लिहायचे काम द्या.

तरीही घशात काही अडकलेच, तर मूल जोरात खोकत असेल तोवर खोकू द्या. आवाज निघेना, श्वास घेता येईना, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. निघाले नाही तर मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर पाच वेळा दाबा. निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहा. वर्षाच्या आतल्या बाळाचे पोट दाबायचे नाही. डोके खाली ठेवून पाठीवर थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाब. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. एकाने हे करावे, दुसऱ्याने लगेच 108 ला फोन लावावा.

गॅसचे फुगे विहारात आणूच नका. आपल्याकडे त्यांत बहुतेकदा हायड्रोजन असतो, तो पेट घेतो, आणि बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या नि अगरबत्त्या तर पेटलेल्याच असतात.

आता सिकलसेलच्या मुलांकडे पुन्हा येते. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांनाच पाणी द्या, कुणा एकाला नाही. माईकवरून "सिकलसेलवाल्यांनी बाजूला बसा" असे कधीच म्हणू नका. गावात एकदा नाव झाले की मुलीच्या लग्नाच्या वेळी तेच पुढे येते. आधी घरोघरी जाऊन आईला एकटीला विचारा. दुखते म्हटले की थांबवायचे, "थोडं सहन कर" नाही. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगलेले दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठा. ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांनी ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे.

खेळ संपला की फुगे मोजा. मी पाकीट उघडतानाच आकडा वहीत लिहिते. 40 काढले असतील तर साबूत आणि फुटलेले मिळून 40 भरले पाहिजेत. दोन कमी असले तर सतरंज्या झटकतो, चपलांच्या ढिगात पाहतो, मागच्या अंगणात शेळ्या बांधल्या असतील तर तिथेही. आकडा जुळेपर्यंत चहा नाही.