विश्लेषण : उन्हाच्या पालघरमध्येही मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व का कमी पडते?

पावसाळ्याचे चार महिने सोडले, तर पालघर, बोईसर-तारापूरला उन्हाचा तोटा नाही. पण ऊन असणे वेगळे आणि ते अंगावर पडणे वेगळे. केंद्र सरकारच्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) देशातील १ ते ४ वयोगटातील १४ टक्के, ५ ते ९ मधील १८ टक्के आणि १० ते १९ मधील २४ टक्के मुलांत ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हाडे झपाट्याने वाढतात त्याच वयात ती सर्वाधिक आहे.

कोवळ्या उन्हाने का भागत नाही?

बाळाला सकाळी सातच्या उन्हात धरण्याची पद्धत घरोघरी आहे. मात्र त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य खाली असताना वातावरणातच अडतात. ते पुरेसे पोहोचतात साधारण सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. बंद काचेतून आलेले ऊन कामाचे नाही.

नेमक्या याच वेळी मुले वर्गात असतात. औद्योगिक वसाहतीतले तरुण शेडखाली असतात किंवा रात्रपाळी करून झोपलेले. मुंबईला जाणारे पहाटेची लोकल पकडतात आणि अंधार पडल्यावर परततात.

प्रदूषणाचा संबंध आहे का?

दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रदूषित वस्तीतल्या लहान मुलांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले होते, कारण धुरकट हवा अतिनील किरण अडवते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. पण त्यात हवेबरोबर पाणी आणि जमीनही मोजतात. त्यामुळे दोहोंची थेट सांगड घालणे घाईचे ठरेल.

जव्हार-मोखाड्याचे काय?

तिथे प्रश्न थोडा वेगळा. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्या मुलालाही मुडदूस होऊ शकतो, कारण आहारात कॅल्शियमच नसेल तर हाड भरणार कशाने? डोंगरात पिकणारी नागली इथे मोलाची. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र मोजक्याच पदार्थांत असते : बांगडा, तारली, अंड्याचा बलक. अंगणवाडीतल्या अमृत आहार योजनेत अंडी किंवा केळी देतात. केळ्याने पोट भरते, पण त्यात ‘ड’ नसते. दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह असेल, तर त्यात ते मिसळलेले असते.

औषध कधी?

आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना पहिले वर्षभर बाळाला रोज ४०० युनिट देण्याची शिफारस करते. लक्षणे नसताना सरसकट रक्ततपासणीची गरज नाही. दोन वर्षांनंतरही पाय बाकदार असणे, रुंद मनगटे, उशिरा चालणे, जिना चढताना मांड्या दुखणे असे काही दिसले, तर मुलाला डॉक्टरांना दाखवावे. ६० हजार युनिटची पुडी मात्र परस्पर आणून देऊ नये. अतिरेकाने रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकते. बाळाच्या थेंबांच्या बाटल्याही सारख्या नसतात. काहींच्या एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००. बाटली बदलली, की लेबल पुन्हा वाचावे.