आधी फळा, मग मोबाइल

प्राथमिक शाळेत संगणक शिकवणे म्हणजे टायपिंग करायला आणि चित्र रंगवायला शिकवणे, ही समजूत अजून बरीच रूढ आहे. या वयात शिकवण्याजोग्या गोष्टी खरे तर दोन. यंत्राला सूचना कशा द्याव्या लागतात आणि त्याच्या आत माहिती कोणत्या रूपात असते, ही पहिली. नेटवर वावरताना स्वतःला, घरच्या पैशाला आणि दुसऱ्यालाही इजा होऊ नये म्हणून काय पाळायचे, ही दुसरी. शाळांमध्ये या दोहोंची बहुधा फारकत झालेली असते. पहिली संगणक कक्षाच्या कुलपाआड राहते आणि दुसरी वर्षातून एकदा बोलावलेल्या पाहुण्यांच्या भाषणात उरकते. दोन्ही एकाच तासाला शिकवल्या तर थोड्या साधनांत जास्त पदरात पडते, आणि लहान गावांतल्या शाळांना हे विशेष लागू आहे.

उदाहरणार्थ ढाणकी. हे उमरखेड तालुक्यातले नगरपंचायतीचे गाव, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. भोवतालच्या शिवारात कापूस, सोयाबीन, ऊस. आसपास बंजारा तांडे, त्यामुळे वर्गातल्या काही मुलांची घरची बोली गोरमाटी. अशा भागात आईवडील वेचणीला किंवा तोडणीला गेले की मोबाइल आजीआजोबांपाशी राहतो आणि तो चालवतो मात्र तिसरी-चौथीतला नातू. बँकेचा मेसेज वाचून दाखवणे, रिचार्ज संपल्याचे सांगणे, व्हिडिओ लावून देणे ही कामे त्याच्याकडेच येतात. लिहिणे-वाचणे नीट जमण्याआधीच हे मूल घराचा कारकून झालेले असते. ऑनलाइन सुरक्षिततेचा प्रश्न शहरी पालकांचा आहे, असे मानण्यात म्हणूनच अर्थ नाही.

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत यंत्रे पोचवण्याचे प्रयत्न जुने आहेत. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या गावी २००७ मध्ये एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमातले हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. भारतातला तो या उपक्रमाचा पहिला प्रयोग. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून डिजिटल झाली आणि राज्यभरचे शिक्षक ती पाहायला जाऊ लागले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला; लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब घेण्याची लाट आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले.

या कामांचे मोल मोठे आहे. पण त्यांतला बहुतेक भाग संगणकाच्या मदतीने कविता, गणित आणि परिसर अभ्यास शिकवण्याचा होता. क्यूआर कोड स्कॅन करून धडा ऐकणाऱ्या मुलाला त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून धडा कसा निघाला, हे कोणी सांगितले नाही. ते सांगणे म्हणजे संगणक शिकवणे, आणि तो भाग राहूनच गेला.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाइल घराघरांत ‘अभ्यासासाठी’ म्हणून अधिकृतपणे शिरला. ज्यांच्याकडे फोन किंवा रेंज नव्हती त्यांच्यासाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर लागत असे. शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांच्या हातून सुटला नाही. ढाणकीशेजारच्या पुसद तालुक्यात बान्सी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरावच केला: १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल बंद. ऑनलाइन शिक्षणाच्या काळात फोन हाती आला आणि त्याचे व्यसन लागले, ही ग्रामस्थांची तक्रार होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे वेगळी वाट निघाली. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास मुलांसह मोठ्यांचेही टीव्ही-मोबाइल बंद राहतात. दोहोंत वडगावचा नियम जास्त शहाणा म्हणावा लागेल, कारण तो मोठ्यांनाही बांधतो. तरीही भोंगा फक्त वेळेची शिस्त लावतो. साडेआठनंतर फोन उघडल्यावर काय करायचे ते त्यातून कळत नाही.

ते किती कळते, याचा अंदाज ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीतून येतो. १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे त्यांतल्या ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट करता येणारी मुले ६२ टक्के, आपले खाते खासगी करता येणारी ५५ टक्के. हे आकडे आठवी-नववी-दहावीच्या वयाचे आहेत. त्या वयात जे येत नाही त्याची पायाभरणी पहिली ते पाचवीतच व्हायला हवी होती.

इंग्लंडने सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून संगणन हा विषय अभ्यासक्रमात आणला. तिथे सूचनांचा क्रम लावायला आणि खासगी माहिती जपायला एकाच विषयात, एकाच टप्प्यावर शिकवतात. भारताच्या शिक्षण मंत्रालयानेही २०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या वर्गांत कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार आणण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. घोषणा झाली की खेड्यातल्या मुख्याध्यापकांना पहिला प्रश्न पडतो, यंत्रे कुठून आणायची? या वयासाठी त्यांची फारशी गरज नाही. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच संगणकाविना संगणकशास्त्र शिकवणारे खेळ तयार केले. भारतात एसीएम इंडिया या संस्थेचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम २०१६ पासून त्याच धर्तीवर काम करतो.

यांतला सर्वांत सोपा खेळ शाळेच्या पटांगणात खडूने चौकोन आखून होतो. एक मूल यंत्र होते, दुसरे त्याला चालवते. ‘पुढे जा’ म्हटले की यंत्र चालतच सुटते आणि भिंतीला जाऊन थडकते, कारण थांबायचे कुठे ते कोणी सांगितलेले नसते. मग ‘तीन चौकोन पुढे’ अशी सूचना येते. ‘डावीकडे जा’ यावर पुन्हा घोटाळा होतो. समोर तोंड करून उभ्या मुलाची डावी बाजू की सूचना देणाऱ्याची? आणि आधी वळायचे की तिरपेच सरकायचे? दहा मिनिटांत वर्गाला कळते की यंत्राला समजूत नसते, त्याला प्रत्येक गोष्ट फोडून सांगावी लागते. ‘पाच चौकोन पुढे, उजवीकडे वळ, हेच चार वेळा’ एवढ्या सूचनेने यंत्र बरोबर चौरस आखून मूळ जागी येते, तेव्हा प्रोग्रॅमिंगमधली पुनरावृत्ती चौथीच्या मुलाच्या पायांनी शिकलेली असते. एक ते शंभरमधला मनात धरलेला आकडा ‘पन्नासपेक्षा मोठा का?’ अशा निम्मे-निम्मे करत जाणाऱ्या प्रश्नांनी सात प्रश्नांत हमखास सापडतो, हा त्यापुढचा खेळ.

सुरक्षिततेचे धडे याच खेळांतून निघतात. चौकटीच्या वहीत आठ बाय आठचे ६४ चौकोन घेऊन एका मुलाने फुलाचे किंवा घराचे चित्र काढावे. भरलेला चौकोन म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. त्याने आकडे ओळीने वाचायचे, बाकीच्यांनी आपापल्या वहीत उतरवायचे. थोड्या वेळात वर्गात पंचवीस सारखी चित्रे तयार होतात आणि मूळ चित्र कोणते, नक्कल कोणती हे सांगता येत नाही. आता बाईंनी पहिल्या मुलाचे चित्र फाडून टाकले तरी बाकीची शिल्लकच राहतात. फोनवरून पाठवलेला फोटो ‘डिलीट’ केला तरी तो का परत येत नाही, हे यानंतर वेगळे समजावावे लागत नाही. ‘अनोळखी माणसाला फोटो पाठवू नये’ ही सूचना मुलांनी आधीही ऐकलेली असते. आता ती पटते.

पासवर्डचेही तसेच. चार अंकी पिनचे १०,००० प्रकार होतात, सहा अंकीचे १० लाख. हा गुणाकार चौथीला येतो. पण पिन म्हणून वाढदिवसाची तारीख आणि महिना ठेवला, तर शक्यता उरतात फक्त ३६६. आपल्या घरचा पिन कसा आहे हे मुलांनी वर्गात बोलायचे नाही, ही अट घालूनच हा तास घ्यावा. रील्स एकामागून एक आपोआप का येतात, हेही फळ्यावर दाखवता येते. मुलांनी निवडलेल्या गोष्टीच्या प्रकारापुढे रेघ मारायची आणि पुढची गोष्ट जास्त रेघा असलेल्या प्रकारातलीच द्यायची. चार फेऱ्यांत वर्गाला फक्त भुताच्या गोष्टी ऐकायला मिळू लागतात आणि मुलेच तक्रार करतात.

पैशाचे धोके गावात निराळ्या वेशात येतात. पीएम किसानच्या नावाने किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडली की परके ॲप फोनमध्ये शिरते आणि ओटीपीचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. आजोबांचा फोन चालवणाऱ्या मुलाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक हव्यात: शेवटी ‘एपीके’ असलेल्या फाइलला हात लावायचा नाही, आणि यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, यायचे असतील तेव्हा कधीच नाही.

सर्वांत नाजूक भाग अनोळखी माणसांचा. गेमच्या चॅटमध्ये गोड बोलणारा ‘मित्र’ गावाचे नाव, शाळा, मग फोटो आणि शेवटी ‘घरी सांगू नको’ इथवर येतो. चांगला-वाईट स्पर्श शाळांत शिकवला जातो. त्याच तासाला याची जोड द्यावी. गुपित ठेवायला सांगणारा मोठा माणूस ही धोक्याची पहिली खूण. मात्र सांगितल्यावर फोन हिसकावला जाईल या भीतीने मूल गप्प बसते, आणि सरसकट बंदीचा तोटा इथेच होतो: चोरून वापरलेल्या फोनवर झालेला त्रास मूल कोणाला सांगणार? म्हणून हे शिकवणे पालकसभेतूनच सुरू व्हावे लागते. आधी ऐकून घ्यायचे, स्क्रीनशॉट जपायचा, मग पुढचे पाऊल. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे आणि मुलांविरुद्धच्या ऑनलाइन गुन्ह्यांची तक्रार केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते.

शाळेलाही आपले वागणे तपासावे लागते. पोषण आहार, सहल, स्नेहसंमेलन यांचे मुलांच्या नावानिशी फोटो शाळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सर्रास पडतात आणि तिथून कुठेही जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण फोटो टाकण्याआधी पालकांना आणि मुलालाही विचारायला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

वेळापत्रकात यासाठी नवा तास शोधत बसू नये. कार्यानुभवाचा आठवड्यातला एक तास पुरतो, सूचनांचे खेळ खेळाच्या तासाला होतात आणि पिनचा हिशेब गणितात बसतो. शिकवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. खडू, चौकटीची वही आणि खेळ आधी एकदा स्वतः करून पाहण्याची तयारी लागते. सूचना गोरमाटीत किंवा घरच्या बोलीत दिल्या तरी यंत्र झालेल्या मुलाला त्या तितक्याच काटेकोर असाव्या लागतात, त्यामुळे एरवी मागे राहणारी मुले इथे बरोबरीने येतात. प्रत्येक खेळ एका तासात पुरा होणारा ठेवला, तर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर काही महिने बाहेर राहून परतलेल्या मुलालाही आल्या आठवड्यापासून त्यात सामील होता येते.