महासीराची ओळख : नाव, गळ आणि नदी

शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याचा अर्थ सरकतो, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांबाबतही असेच घडते. मात्र तेथे नाव सरकल्याची किंमत एखाद्या जीवजातीस मोजावी लागू शकते. दक्षिण भारतातील महासीर माशाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

गळ टाकणारे महासीरास शिकारी मासा मानतात. तथापि शिवडा किंवा मरळ यांच्याप्रमाणे तो निव्वळ मांसभक्षक नव्हे. शिवड्याच्या अंगावर खवले नसतात, तोंड रुंद आणि जबड्यात तीक्ष्ण दात असतात. मरळीचे डोके सापासारखे असून पाठीवरचा पर शेपटीच्या जवळपास पोहोचतो. महासीराच्या जबड्यात मात्र दात नसतात. ते घशात असतात. खेकडे, गोगलगायी व लहान मासे तो तेथेच चिरडतो आणि काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही खातो. म्हणूनच कावेरीवर त्याच्यासाठी गळाला नाचणीच्या पिठाचा गोळाही लावला जात असे. मोठे खवले, जाड ओठ आणि मिशांच्या दोन जोड्या या त्याच्या ठळक खुणा होत.

एवढ्याने महासीर ओळखता येतो. तो कोणत्या जातीचा, हे ठरत नाही. विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा अनेक माशांना त्यांनी स्थानिक नावेच दिली. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव 'सीनघाला' असे झाले ते त्यामुळेच. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महासीरास त्यांनी 'खुद्री' म्हटले आणि शिरूरजवळच्या घोड नदीतील एका माशास 'मुसुल्ला'.

दुसरीकडे, हेन्री सुलिव्हन थॉमस यांच्या 'द रॉड इन इंडिया' (1873) या ग्रंथापासून कावेरी खोऱ्यातील महासीराची कीर्ती गळ टाकणाऱ्यांत पसरली. या माशाच्या पाठीवर स्पष्ट उंचवटा असतो. 1946 मध्ये कबिनी नदीत असा 120 पौंडांचा मासा गळाला लागला होता. या माशास पुढे अनेकांनी 'मुसुल्ला' हेच नाव लावले. 2013 मधील संशोधनाने दाखवून दिले की, साइक्स यांचा 'मुसुल्ला' मुळात महासीरच नव्हे. परिणामी इतका प्रसिद्ध मासा शास्त्रदृष्ट्या निनावी ठरला. केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून 2007 मध्ये वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, हे 2018 मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

या विलंबाचे परिणाम गंभीर होते. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली 'खुद्री'ची पिले 1970च्या दशकापासून इतर राज्यांत पाठवली गेली. कावेरीतही ती सोडण्यात आली. हेतू संवर्धनाचाच होता. परंतु 'महासीर' या एकाच शब्दाखाली दोन्ही जाती मोजल्या गेल्याने, नदीत महासीर वाढत असताना त्यातील मूळचा महासीर घटत आहे, हे ध्यानात येण्यास वेळ लागला. धरणे, वाळूउपसा व सुरुंगाने होणारी मासेमारी यांचाही या ऱ्हासात वाटा आहे.

ही घट उघड झाली ती मुख्यतः गळ टाकणाऱ्यांच्याच नोंदींतून. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याच्या प्रथेत 1998 ते 2012 या काळात कावेरीवर ठेवलेल्या वह्यांत उंचवट्याचा, नारिंगी परांचा मासा आणि निळसर परांचा मासा असा भेद नोंदलेला होता. शास्त्रीय नाव निश्चित होण्यापूर्वीच व्यवहारातील भाषेने हा भेद जपला होता. स्थानिक नाव शास्त्राच्या भाषेत नेताना त्याची नदी मागे राहिली, की ओळख कशी हरवते, याचे हे बोलके उदाहरण मानावे लागेल.