वेळासच्या वाळूवर एक सकाळ

मैत्रिणींनो, मार्च महिना म्हणजे मुलांच्या परीक्षा आणि पापड-कुरडयांचे वेध. त्यातून सहलीला वेळ कुठला? पण यंदा मी हट्टच धरला आणि एका शनिवारी आम्ही वेळासला गेलो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे नाना फडणविसांचं गाव. मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी. एक दिवस आयतं गरम जेवण, तेही दुसरीच्या हातचं! याचं सुख तुम्हांला सांगायला नकोच.

पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. पाण्याच्या कडेला चिखले तुरुतुरु पळत होते, लाटांवर कुरव तरंगत होते. डोक्यावर पांढऱ्या डोक्याची, तांबूस पंखांची ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती.

पण गर्दी होती ती जाळीच्या कुंपणापाशी. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी घालते नि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री पळवीत. २००२ पासून 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था आणि गावकरी ती कुंपणात जपू लागले. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

त्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. तळहातात मावतील एवढीशी! वाळूवर सोडताच लुटुलुटु समुद्राकडे निघाली. एक मात्र लाटेने मागे फेकलं, उताणं पडलं. वर ती घार! मी चटकन दोरीपलीकडे पाय टाकला, तोच राखणदार म्हणाला, "ताई, थांबा. त्याचं त्यालाच जाऊ द्या. आम्ही आहोत लक्ष ठेवायला."

पिल्लू धडपडलं, सरळ झालं आणि पुढच्या लाटेबरोबर दिसेनासं झालं. माझे डोळे भरून आले.

खरं सांगू? शाळेत मी इतर आयांना सांगते, "मुलांना स्वतःचं स्वतः करू द्या." आणि घरी सातवीतल्या लेकीचे नकाशे रात्री जागून मीच रंगवते! परतल्यावर तिची वही मी तिच्याच हाती दिली. कोकणपट्टी जरा वेडीवाकडी आली, पण तिची तिने काढली.

तुम्हीही जाऊन या. दुर्बीण नि टोपी घ्या, दोरीच्या आत जाऊ नका, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवा आणि खाऊच्या रिकाम्या पिशव्या घरी परत आणा. एवढं कराल ना?