राऊटरच्या पोटावरचा नंबर

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी मुंबईतला जुना राऊटर सोबत आणतात आणि रत्नागिरीच्या घरात जोडून देतात. नेट सुरू होते, पण कधीकधी वेगळीच गंमत होते. घरात बसून नकाशा उघडावा, तर निळा ठिपका थेट बोरिवलीत! जांभ्याच्या भिंतींआड उपग्रहांचे संदेश क्षीण होतात. मग फोन आसपासच्या वायफायवरून जागेचा अंदाज बांधतो आणि त्या राऊटरची नोंद अजून बोरिवलीचीच असते. ही नोंद होते ती राऊटरच्या हार्डवेअर पत्त्याने, म्हणजेच मॅक ॲड्रेसने.

हा पत्ता १२ चिन्हांचा असतो. त्यात ० ते ९ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. पहिली सहा चिन्हे बहुधा कंपनीची ओळख असतात. ती आयईईई ही अभियंत्यांची जागतिक संस्था वाटून देते. पुढची सहा कंपनी स्वतः ठरवते. असे सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होऊ शकतात. आयपी ॲड्रेस वेगळा. एसटीची पाटी प्रत्येक फेरीला बदलते, गाडीचा नंबर तोच राहतो. आयपी ही पाटी, मॅक हा नंबर.

मात्र राऊटरला असा एकच नंबर नसतो, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. बाहेरून इंटरनेटची वायर येते त्या तोंडाला एक, घरातल्या वायरींच्या बाजूला दुसरा, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला तिसरा, ५ गिगाहर्ट्झला चौथा. खालच्या स्टिकरवर बहुतेक वेळा एकच छापलेला असतो. बाकीचे बरेचदा लागोपाठचे असतात. शेवटी ९ असेल तर पुढचा ए. काही इंटरनेट कंपन्या जोडणी बाहेरच्या तोंडाच्या नंबरला बांधून ठेवतात. नवा राऊटर घेतल्यावर त्यांना स्टिकर वाचून भलताच नंबर कळवला, तर नेट चालत नाही आणि दोष राऊटरला दिला जातो. खात्रीचा मार्ग म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकून राऊटरचे पान उघडणे. तिथे ‘स्टेटस’मध्ये ‘वॅन’, ‘लॅन’ आणि ‘वायरलेस’ यांचे पत्ते सहसा वेगवेगळे दिलेले असतात.

वायरीच्या बाजूचे नंबर पुढच्या यंत्रापर्यंतच जातात. आपण उघडलेल्या वेबसाइटला ते दिसत नाहीत. वायफायचा नंबर मात्र राऊटर सेकंदाला साधारण १० वेळा हवेत पुकारतो. पासवर्ड कितीही कडक असो, रस्त्यावरून जाणाऱ्या फोनला तो ऐकू येतो. गुगल, ॲपल यांच्या याद्या अशाच फोनांमुळे तयार झाल्या आहेत.

यात धोका किती, हे मेरीलँड विद्यापीठाच्या एरिक राय आणि डेव्ह लेव्हिन यांनी २०२४ मध्ये दाखवले. ॲपलच्या यंत्रणेला एका राऊटरची जागा विचारली की ती आजूबाजूच्या शेकडो राऊटरांच्या जागाही सांगत असे. त्यांनी सुमारे वर्षभरात दोनशे कोटींहून अधिक पत्ते जमवले. युक्रेन आणि गाझातली राऊटरांची हालचालही त्यांना दिसली. आता घरातल्या छळाला कंटाळून एखादी बाई दुसऱ्या शहरात गेली आणि राऊटर सोबत नेला, असे समजा. त्या घरात पूर्वी वायफाय वापरलेल्या कोणालाही तो नंबर ठाऊक असू शकतो. अशा वेळी राऊटर मागेच सोडलेला बरा.

फोन कंपन्यांनी आपल्या बाजूने उपाय केला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला बनावट पत्ता देऊ शकतात. त्यातले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असते. घरगुती राऊटर सहसा तसे करत नाहीत. त्यासाठी वायफायच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ हा शब्द जोडावा, सगळी अक्षरे छोट्या लिपीत. गुगल आणि ॲपल असा राऊटर यादीत घेत नाहीत. नाव बदलल्यावर घरातले सगळे फोन पुन्हा जोडावे लागतील. आणि दुरुस्तीसाठी राऊटरचा फोटो ग्रुपवर टाकायचाच असेल, तर स्टिकरवर बोट ठेवून काढावा. तिथे बहुधा पासवर्डही छापलेला असतो.