कोणता रणगाडा घ्यायचा?

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सुट्टीच्या दिवसांत मुलांची गर्दी असते. फराहबागेजवळ १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे जवळपास पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती मोटार, इंग्रजांचे मटिल्डा आणि चर्चिल, जपानचे हा-गो आणि ची-हा, फ्रेंच एएमएक्स-१३, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन, आपला विजयंता. पूर्वी मुलं पाटी वाचून नाव घ्यायची. आता बरीच मुलं पाटीकडे न बघता लांबूनच ‘ती बघ चॅफी’ म्हणून धावत सुटतात. ही ओळख मोबाइलवरच्या आणि संगणकावरच्या खेळातून झालेली असते.

त्या खेळाचं नाव ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’. बेलारूसच्या मिन्स्क शहरात सुरू झालेल्या वॉरगेमिंग कंपनीने तो २०१० साली रशियात आणि २०११ मध्ये जगभर आणला. एका बाजूला पंधरा खेळाडू, दुसऱ्या बाजूला पंधरा, आणि लढाई जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची. २०१४ मध्ये आलेल्या ‘ब्लिट्झ’ या मोबाइलवरच्या भावंडात सात विरुद्ध सात असा सामना असतो. अशा सांघिक खेळांत इतर ठिकाणी योद्धे, जादूगार, नेमबाज अशी पात्रं असतात, तशी इथे वाहनं आहेत. ती सहाशेहून अधिक आणि बहुतेक खरोखर बनलेली किंवा निदान कागदावर आखलेली. लढाईत मरण आलं की त्या लढाईपुरता तुमचा खेळ संपतो, पुन्हा उठता येत नाही. त्यामुळे आत शिरण्याआधी गॅरेजमधून कोणता रणगाडा बाहेर काढायचा, या एका निर्णयावर पुष्कळ काही ठरतं.

संग्रहालयातल्या मुलांचा आणि खेळातल्या नवख्यांचा प्रश्न एकच असतो: सगळ्यात भारी कोणता? मला वाटतं, या प्रश्नातच गडबड आहे. कोणत्या जमिनीवर, कोणाच्या साथीला आणि कोणत्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय कुठलाही रणगाडा भारी नसतो आणि हलकाही नसतो. हे खेळ बनवणाऱ्यांना कळलं होतं आणि आपल्या घोडदळाच्या पलटणींनी ते प्रत्यक्ष रणांगणावर सिद्ध केलं होतं.

खेळात रणगाड्यांच्या पाच जाती आहेत. हेवी म्हणजे जाड कातडीचे, पुढे राहून मार खाणारे. मीडियम सगळं थोडं थोडं करतात. लाइट टेहळणी करतात. टँक डिस्ट्रॉयर, ज्यांना खेळाडू नुसतं टीडी म्हणतात, ते दबा धरून लांबून मोठी तोफ डागतात. पाचवी आर्टी, म्हणजे पार मागून डोक्यावरून गोळे टाकणारी तोफ. ब्लिट्झमध्ये ही पाचवी जात ठेवलेलीच नाही. प्रत्येक वाहनाला पायरी असते, तिला टियर म्हणतात. साधारणपणे आपल्यापेक्षा दोन पायऱ्या वरच्या रणगाड्याशीही गाठ पडू शकते. त्यामुळे चौथ्या पायरीवरचा मटिल्डा आपल्या बरोबरीच्यांत पहाडासारखा उभा राहतो. १९४० साली त्याच्या पुढच्या ७८ मिलिमीटरच्या पोलादाने जर्मनांना असंच हैराण केलं होतं. पण तोच मटिल्डा सहाव्या पायरीच्या लढाईत सापडला की त्याची तोफ टिचक्या मारते आणि ताशी २४ किलोमीटरच्या चालीने पळूनही जाता येत नाही. लढाई सुरू होण्याआधीच्या काही सेकंदांत दोन्ही बाजूंची यादी दिसते. ती वाचून आपण आज पहाड आहोत की पाचोळा, एवढं ठरवलं तरी निम्मी चूक टळते.

हलक्या रणगाड्यांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नवखे त्यांना हातच लावत नाहीत. पोलाद पातळ, तोफ लहान, एक-दोन फटक्यांत खेळ खलास. मग घ्यायचा कशाला? तर बघण्यासाठी. या खेळात समोरचा रणगाडा डोळ्यांसमोर उघड्या माळावर उभा असला तरी तो दिसेलच असं नाही. प्रत्येक वाहनाची दृष्टी ठराविक अंतरापर्यंत जाते, फार तर ४४५ मीटर. आणि प्रत्येकाची लपण्याची क्षमता वेगळी. झुडपामागे गेलं की ती वाढते, तोफ डागली की घसरते. पन्नास मीटरच्या आत मात्र कोणी लपू शकत नाही. इतर वाहनं हलली की जास्त उघडी पडतात. लाइट टँक चालत असला तरी उभा असताना जितका लपतो तितकाच लपतो. त्याने शत्रू पाहिला की तो मागे दबा धरून बसलेल्या टीडींना दिसू लागतो, आणि त्यांनी केलेल्या नुकसानीचा वाटा पाहणाऱ्याच्या खात्यावरही जमा होतो. एकही गोळा न डागता एखादा चांगला लाइटवाला लढाई जिंकून देतो.

आता हीच गोष्ट खऱ्या जमिनीवर बघा. संग्रहालयात अमेरिकी स्टुअर्ट आहे. त्याची तोफ ३७ मिलिमीटरची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला युरोपच्या मैदानात त्याला कोणी विचारत नव्हतं. पण १९४८ साली लडाखची वाट अडवून शत्रू झोजिला खिंडीत वर बसला होता आणि पायदळाचे हल्ले परतवून लावत होता. तेव्हा जनरल थिमय्यांनी ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट वर न्यायचं ठरवलं. वाटेतले पूल जड वजन पेलणारे नव्हते. रणगाड्यांचे टरेट, म्हणजे वरचे तोफेसकट फिरणारे भाग, उतरवून वेगळे नेले आणि खालचे सांगाडे झाकून चालवले, म्हणजे कोणाला सुगावा लागू नये. १ नोव्हेंबर १९४८ ला ते सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या खिंडीत घुसले. समोरच्या मोर्च्यांत मशीनगन होत्या, रणगाडा फोडेल असं काही नव्हतं. तिथे ती ३७ मिलिमीटरची तोफ पुरून उरली. चाळीस-पन्नास टनांचा एखादा बलाढ्य रणगाडा असता तर तो खिंडीच्या पायथ्याशीच राहिला असता.

एएमएक्स-१३ची गोष्टही तीच. वजन जेमतेम पंधरा टनांच्या आसपास, म्हणून ऑक्टोबर १९६२ मध्ये २० लान्सर्सचे काही एएमएक्स विमानात घालून चुशुलला उतरवता आले, चौदा हजार फुटांहून उंच. संग्रहालयात त्याच्याजवळ गेलात तर टरेट नीट पाहा. ते एकसंध नाही, वरचा भाग खालच्या भागावर पाळण्यासारखा टेकलेला आहे. तोफ वर-खाली करायची तर वरचा अख्खा भागच झुलतो. त्यामुळे तोफेच्या मागे दोन फिरती पिंपं बसवता आली, प्रत्येकात सहा गोळे. गोळा भरायला वेगळा माणूस लागत नाही आणि भराभर मारा करता येतो. पण बारा गोळे संपले की आडोशाला जाऊन पिंपं पुन्हा भरावी लागतात. खेळातही हे टरेट तसंच झुलतं आणि स्वभावही तसाच उतरलाय: काही क्षण धडाधड, मग बराच वेळ रिकामे हात. ज्याला घड्याळ सांभाळून झडप घालता येते आणि लगेच माघार घ्यायला लाज वाटत नाही, त्याने हा घ्यावा. एकाच जागी पाय रोवून भांडायची हौस असलेल्याच्या हातात तो पहिल्या दोन मिनिटांत जळतो.

आता असल उत्तरची लढाई. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या बाजूने पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पॅटन घेऊन उतरली. कागदावर मुकाबला एकतर्फी वाटावा असा होता. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची, यंत्रणा नवी, वेग जास्त. आपल्याकडे ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन आणि ८ कॅव्हलरीचे ते हलके एएमएक्स. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे लावले आणि शेतांत पाणी सोडलं. उभ्या उसात सेंच्युरियन लपले. पॅटनचा वेग चिखलात मुरला, दूरवर मारा करायची ताकद उसाच्या भिंतीपाशी थांबली आणि मोर्च्यांसमोर येईपर्यंत त्यांना नेमकं काय चाललंय हे कळलं नाही. ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद तर जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन घेऊन लढले आणि परमवीर ठरले. भारतीय नोंदींनुसार त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पॅटन वाईट नव्हता. चुकीच्या जागी, चुकीच्या वाटेने आणलेला होता.

खेळात सेंच्युरियनची एक आवृत्ती नवव्या पायरीवर आहे आणि पॅटनची एक दहाव्या. तरी टेकाडामागे फक्त टरेट दाखवून उभा राहिलेला सेंच्युरियन उघड्यावरून धावत येणाऱ्या पॅटनला आजही धडा शिकवतो. या पवित्र्याला खेळाडू हल-डाउन म्हणतात. नव्या खेळाडूने रणगाडा निवडताना तोफेचा आकडा सगळ्यात आधी बघू नये. तोफेची नळी खाली किती झुकते ते बघावं. ब्रिटिश आणि अमेरिकी रणगाड्यांची तोफ बरीच खाली झुकते, म्हणून टेकड्यांच्या नकाशांत ते राजे. सोव्हिएत टी-५४ सारखे रणगाडे बुटके आणि चिवट, पण तोफ फारशी झुकत नाही. त्यांना सपाट जमीन आणि गल्लीबोळ मानवतात. पुढे कोणता नकाशा मिळेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून गॅरेजमध्ये वेगवेगळ्या स्वभावाचे तीन-चार रणगाडे असलेले बरे, पण चाळीस असण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक रणगाड्याच्या आतली माणसंसुद्धा, म्हणजे कमांडर, नेमबाज, चालक, लढाया करूनच तरबेज होतात. रोज नवा रणगाडा घेणाऱ्याची माणसं कायम शिकाऊच राहतात.

संघाचं भानही हवंच. दोन-तीन मित्र मिळून प्लॅटून करून खेळणार असतील तर तिघांनी तीन टीडी घेऊन झुडपात बसू नये, बघणार कोण? क्रिकेटचा संघ अकरा सलामीवीरांचा करत नाहीत, तसंच हे. एकाने लाइट, दोघांनी मीडियम घेतले तर बहुतेक लढायांत कामाला येतात. एकट्याने खेळणाऱ्याने माझ्या मते मीडियमने सुरुवात करावी. त्यात चुका सावरायला वेग असतो आणि सगळी कामं थोडी थोडी करून पाहता येतात. आपला स्वभाव कळला की मग जात बदलावी. संग्रहालयात आर्चर हा ब्रिटिश टँक डिस्ट्रॉयर आहे. त्याची तोफ पाठीमागे रोखलेली असते. विचित्र वाटतं, पण गोळा डागला की वळायला न थांबता सरळ पुढे निघून जाता येतं. असा रणगाडा आवडणारे लोक असतात, आणि ते संघाला फार उपयोगी पडतात.

पैशांबद्दल एवढंच, की खेळ फुकट आहे आणि प्रीमियम रणगाडे विकत मिळतात. ते पाहिले की मुलांना मोह होतो. विकत घेतलेला आठव्या पायरीचा रणगाडा पाच दिवसांच्या अनुभवावर चालवणं म्हणजे स्वतःचं आणि चौदा साथीदारांचं नुकसान. पालकांनी तिथे ठाम राहावं.

अहिल्यानगर आणि रणगाडे यांचं नातं संग्रहालयापुरतं नाही. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथलंच. खारे-कर्जुन्याच्या माळावर तोफांचा सराव चालतो आणि आसपासच्या गावांना तो आवाज ओळखीचा आहे. १९७१ च्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथे तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला होते. युद्ध पेटलं तसे ते पूना हॉर्समध्ये परतले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं, पण तोफ अजून चालत होती म्हणून ते लढत राहिले. एकविसाव्या वर्षी ते गेले आणि परमवीर चक्राचे मानकरी झाले. ‘फामागुस्टा’ नावाचा तो सेंच्युरियन आज याच केंद्रात जतन करून ठेवला आहे. खेळात सेंच्युरियन निवडताना मुलांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी, असं मला फार वाटतं.

खेळात देशांनुसार रणगाड्यांच्या शाखा आहेत. जर्मनी, सोव्हिएत संघ, अमेरिका, ब्रिटन आहेतच. पोलंड, स्वीडन, चेकोस्लोव्हाकियासुद्धा आहेत. भारताची स्वतंत्र शाखा नाही. ती असायला हवी. स्टुअर्टपासून शर्मन, सेंच्युरियनपर्यंत सगळे आपण चालवले आणि १९६५ पासून आवडी इथल्या कारखान्यात विजयंता तयार होऊ लागला. मूळ आराखडा ब्रिटनच्या विकर्सचा, वजन सुमारे ३९ टन, १०५ मिलिमीटरची तोफ, पोलाद मात्र त्या काळच्या अनेक रणगाड्यांपेक्षा पातळ. उद्या तो खेळात आला तर त्याला घेऊन रस्त्याच्या मधोमध भिडू नका. टेकाडामागे लावा, डाव्या-उजव्या बाजूला एखादा लाइट ठेवा, दोन गोळे मारा आणि जागा बदला.